चित्रानंतर पुनर्वसू

कम्प्युटरला नक्षत्रं कळत नाहीत. हे मला माहीत असायला पाहिजे होतं, कारण त्या कम्प्युटरला शिकवणारी मीच होते.

तेव्हा मी यवतमाळात एका छोट्या कचेरीत काम करत होते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्या, एक कूलर, एक मालक आणि आम्ही तिघी. मराठी पुस्तकांची ई-पुस्तकं करून द्यायचा धंदा. त्यासाठी लागणारा प्रोग्राम मी लिहिला होता. पुस्तकाच्या प्रकरणांच्या फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, बटण दाबायचं, की तो त्या एकामागे एक ओवायचा आणि एकच फाईल हातात द्यायचा. मोबाईलवर उघडा, टॅबवर उघडा, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करा. त्या प्रोग्रामचा मला भारी गर्व होता. कोणी त्यात खोट काढली की माझं डोकंच सरकायचं. मालक म्हणायचे, "ताई, तुमच्या पोराले नावं ठेवली तं चालन, प्रोग्रामले नोको." मला पोर नव्हतंच, तो भाग वेगळा.

बाहेर कापसाची ती वर्षं चालू होती. दिसायला हिरवंगार बोंड, चिमटीत फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. मोठ्या शहरांतून कॅमेरेवाले यायचे, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून दोन प्रश्न विचारायचे आणि ऊन चढायच्या आत निघायचे. मालक म्हणायचे, या जिल्ह्यात कापूस नाही झाला तर चपला खपत नाहीत, पुस्तकं कोण घेते. तरी घेणारे होते थोडे. लिहिणारे तर भरपूर होते. वाईट वर्षांत माणसं लिहायला लागतात की काय, कोण जाणे.

माझे बाबा चांगल्या वर्षांतही लिहायचे. केळापूरजवळच्या आमच्या गावात त्यांनी छत्तीस वर्षं पोरं शिकवली आणि सोबत पाच एकर शेती केली. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. त्यांची वही महिन्याची नसायची, नक्षत्राची असायची. आमच्याकडं शेतीत कोणी जून-जुलै म्हणत नाही. मृगात पेरलं, पुष्यात डवरून तण मारलं, असं म्हणतात. पाठकोरे कागद दाभणानं शिवून बाबा वही करायचे आणि वर नक्षत्राचं नाव व त्या वर्षीचं त्याचं वाहन लिहायचे. पुष्य, वाहन बेडूक. मघा, वाहन म्हैस. पंचांगात दर नक्षत्राला दर वर्षी नवं वाहन मिळतं आणि त्यावरून पाऊस कसा पडेल ते लोक ठरवतात. आत मग वारा, ढग, कापसाच्या पात्या म्हणजे कळ्या, बोंडं, आणि आई काय म्हणाली ते. आई काही म्हणाली नाही असं पान शोधावंच लागलं असतं.

त्यातल्याच एका वाईट वर्षी, चित्रात, दसऱ्याला दोन दिवस असताना आई गेली. सकाळी छातीत कळ आली, पांढरकवड्याला नेता नेता गाडीतच संपलं. मी यवतमाळहून बसनं पोचले तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं. मला रडू आलं नाही. मी तिचं लुगडं शोधलं, लोकांना फोन केले, चहा ठेवला, म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं. माझं असंच असतं; काम दिसलं की मी कामाला लागते. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते चारचौघांत म्हणाले, "या पोरीच्या डोयाले पाणी नाही."

ते मला लागलं. असं लागलं की तेरवी झाल्याबरोबर मी पिशवी उचलली आणि बस धरली. त्यानंतर दीड वर्ष आमचं बोलणं म्हणजे सणावारी दोन तासांची भेट, आणि त्यातही "औषध घेता का?" "घेतो." एवढंच. फोन त्यांनी कधी केला नाही. मीही केला नाही. मी काहून करू? बोलले ते होते.

मग त्यांना काचबिंदू निघाला. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळा. दवाखान्याचा जिना उतरताना बाबा म्हणाले, "मले त्या वर्साच्या वह्या एकडाव वाचाच्या हायेत. डोये हायेत तवर."

कोणत्या वर्षाच्या, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांचं ते शिसपेन्सिलीचं बारीक अक्षर आता त्यांना स्वतःलाच लागत नव्हतं. मी वाचून दाखवते, असं म्हणता आलं असतं. पण तेवढा वेळ त्यांच्याजवळ बसायचं आणि त्या वह्या वाचायच्या, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. त्यापेक्षा ई-पुस्तक करणं सोपं वाटलं. अक्षर मोठं करा, वाचा तुमचं तुम्ही.

बारा वह्या मी पांढरकवड्याच्या टायपिंगवाल्या चाचांकडे दिल्या. त्यांच्याकडं एके काळी अर्धा तालुका टायपिंग शिकला. आता मशिनी जाऊन दोन कम्प्युटर आले होते. चाचांनी इमानानं शब्द न् शब्द उतरवला, एका वहीची एक फाईल केली आणि फायलींना वह्यांवरचीच नावं दिली. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुढं तशीच. मी त्या फोल्डरमध्ये टाकल्या, बटण दाबलं, आणि झालेलं पुस्तक न उघडताच टॅबवर चढवलं. दुसऱ्या कोणाचं पुस्तक असतं तर मी पान न् पान तपासलं असतं. या पुस्तकात चित्रा होतं. मी नाही उघडलं.

पाडव्याला गावी जाऊन टॅब बाबांच्या हातात दिला. पान कसं पलटायचं, अक्षर कसं फुगवायचं ते दाखवलं, गाठी खाल्ली आणि दुपारच्या बसनं परत आले.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारी चारच्या सुमारास मोबाईलवर बाबांचा नंबर दिसला. मी हातातलं काम टाकून फोन घेतला, कारण मला फोन त्यांनी जन्मात केला नव्हता.

"काय झालं बाबा?"

"काही नाही झालं." मागे त्यांचा पंखा घरघरत होता. "चित्रा संपलं आज."

मी उठून जिन्यात आले.

"पान पलटवलं तं पुनर्वसू निंगालं. तुही माय अंगणात उभी! मले म्हणते, वहीत माहं कायले लिवता, कापसाचं लिवा." ते हसले. बाबा फोनवर हसतात हे मला माहीतच नव्हतं. "असं मांडाले अक्कल लागते. चांगलं केलं बाई तू."

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मला कशाचा काही पत्ताच लागला नव्हता. फोन ठेवला आणि कम्प्युटरवर ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं.

अव माय! समोर अनुक्रमणिका होती. आर्द्रा, आश्लेषा, उत्तरा, चित्रा, पुनर्वसू, पुष्य, पूर्वा, मघा, मृग, रोहिणी, स्वाती, हस्त. सगळी नक्षत्रं बाराखडीनं लागली होती. ज्या रोहिणीपासून वर्ष सुरू व्हायचं ती दहावी, पेरणीचा मृग नववा, आणि आई जिथं जाते ते चित्रा चौथं. त्याच्या पुढच्याच पानावर पावसाळ्याचे दिवस परत, आणि आई अंगणात.

प्रोग्रामला क्रम कोणी सांगितलाच नव्हता, म्हणून त्यानं आपल्या मनानं नावं अक्षरांप्रमाणे लावून घेतली. आजवर हे कधी उघडं पडलं नाही, कारण बाकीचे लेखक प्रकरणांना आकडे द्यायचे. नक्षत्राला आकडा कोण देतो? बाबांनी दिला नाही, मला सुचलं नाही. चाचांना फोन लावला तर ते उलट माझ्यावरच उखडले. "अरे बेटी, नक्षत्र को नंबर कायकू? मृग के बाद आर्द्रा आता, ये तो बैल को भी मालूम." बैलाला मालूम होतं. माझ्या प्रोग्रामला नव्हतं.

मला येतात तेवढ्या शिव्या मी स्वतःला घातल्या. मग बाबांना सांगायला फोन उचलला. आणि तसाच खाली ठेवला.

"चांगलं केलं बाई तू." दीड वर्षात त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला तो पहिला गोड शब्द. जी पोरगी रडली नाही तिनं आईला पुस्तकात परत आणलं, असं त्यांना वाटत होतं. आता मी त्यांना सांगायचं का, की ते मी केलंच नाही, मशीनला बाराखडीशिवाय काही येत नाही म्हणून झालं? तेवढी चूक काढून घेतली की आमच्यात उरणार काय, तर "औषध घेता का?" "घेतो." मला भीती वाटली, खरं सांगते. मी गप्प बसले.

दोन दिवसांनी परत चार वाजता फोन. मग एक दिवसाआड. बाबा नमस्कार-चमत्कार काही करायचे नाहीत, थेट आईपासून सुरुवात. "पुष्यात बेंडूक घरात घुसला होता, आठवते का तुले? तुह्या मायनं सुपात धरून बाहीर सोडला. म्हणे, तुह्या नक्षत्रात आला म्हून सोडते, नाहीतर झाडूच देला असता." एवढं सांगून झालं की "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

मी चार वाजायची वाट पाहू लागले. साडेतीनपासूनच माझं कामात मन लागेना. आणि मीही ते पुस्तक वाचायला घेतलं. चित्रा ओलांडून, पुनर्वसूपासून. बाबा जिथं असतील तिथंच आपणही असावं, म्हणून रोज थोडं थोडं. चुकलेल्या क्रमानंच.

त्या दिवसांचं मला अजून नीट सांगता येत नाही. यवतमाळात पारा चढत होता, बसस्टँडपुढचं डांबर मऊ पडलं होतं, आणि माझ्या डोक्यात पुष्याची झड लागली होती. तीन-तीन दिवस सूर्य नाही, गोवऱ्या ओल्या, चूल धुरकटलेली, आई डोळे पुसत फुंकणीनं फुंकते आहे. कूलरचं पाणी ठिबकलं की वाटायचं, वळचणीचं ठिबकतं आहे. पूर्वात ती धुऱ्यावरच्या चवळीच्या शेंगा तोडताना दिसायची, पदराचा ओटा करून. एकदा बाजारात मी भाजीवालीला विचारलं, "तरोटा आला नाही का अजून?" तरोटा म्हणजे आमच्याकडची पावसाळ्यातली रानभाजी. ती माझ्याकडं बघतच राहिली. "ताई, वैशाख हाय. ऊन लागलं काय तुमाले?"

मघानंतर मृग आला. म्हणजे कमरेएवढं वाढलेलं, पात्या धरलेलं कापसाचं झाड एका पानात परत जमिनीत गेलं आणि बी होऊन आईच्या ओट्यात बसलं. ती तासानं चालत एकेक सरकी मातीत टोबत होती. मी खिडकीशी उभी राहून खालच्या रस्त्यावरचे ऑटो बघत होते, पण मला काळी जमीनच दिसत होती, आणि तिची वाकलेली पाठ. मला भारी सुख वाटायचं. दुःख व्हायला पाहिजे होतं, पण नव्हतं होत. वर्ष पुढं जायचं नाव घेत नव्हतं आणि मला तेच पाहिजे होतं.

मध्येच कचेरीत धमाल झाली. एका बाईंच्या स्वयंपाकाच्या पुस्तकाचं काम माझ्या सुटीच्या दिवशी कचेरीतल्या एका मुलीनं केलं, आणि तिनं फायलींना पदार्थांची नावं तशीच ठेवली. त्या बाईंचा फोन आला. मालक तणतणत माझ्या टेबलाशी आले. "ताई, प्रस्तावना पुरणपोळीच्या मागं जाऊन बसली! अनारसे पहिले, अन् वरणभात कुठं तं पार शेवटी. लोकं काय आधी अनारसे खातात का?" मुली खो-खो हसत होत्या. मला मात्र घाम फुटला. आता ती चूक दुरुस्त करण्यावाचून सुटका नव्हती.

दुरुस्ती काही फार मोठी नव्हती. प्रोग्रामनं यापुढं क्रम मनानं ठरवायचा नाही, माणसाला विचारायचा. यादी समोर ठेवायची, नावं वरखाली सरकवू द्यायची आणि माणूस हो म्हणेपर्यंत थांबायचं. दुपारभरात झालं. आता तपासायला सगळ्यांत बिघडलेलं पुस्तक पाहिजे होतं. ते माझ्याकडंच होतं.

बाबांचं फोल्डर उघडलं. बारा नावं आली. मी एकेक उचलून जागेवर ठेवू लागले. रोहिणी वर. तिच्याखाली मृग. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. अकराव्या जागेवर चित्रा ठेवलं आणि त्याच्याखाली एकटं स्वाती उरलं. त्याच्यापुढं काही नव्हतं. पान पलटायला जागाच नव्हती.

आता तरी बघायला पाहिजे म्हणून मी चित्रा उघडलं. आईच्या त्या दिवसाखाली बाबांनी चार ओळी लिहिल्या होत्या. "आज ही गेली. वारा पूर्ण पडला आहे. पोरगी एकटी सगळं करते आहे, तिला जवळ घ्यावं म्हणून उठायला गेलो, पाय उठले नाहीत. चारचौघांत तिला नको ते बोललो."

मी रडले. कचेरीत, भर दुपारी, टेबलावर डोकं ठेवून, दीड वर्षाचं एकदम. मुली घाबरल्या. मालक पाण्याचा गिलास घेऊन धावत आले, बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता. "अव ताई, मी काय एवढं बोललो? प्रस्तावनेसाठी कोणी रडते का? असू द्या तिले पुरणपोळीच्या मागं!" मला रडता रडता हसू आलं, आणि हसता हसता परत रडू.

असं लिहिणाऱ्या माणसाला खोट्यावर ठेवायचं माझ्या जिवावर आलं. फोन बंद झाले तर होवोत. बरोबर क्रमाचं पुस्तक घेतलं आणि रविवारी सकाळची बस धरली.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला होता. गावात चिटपाखरू नव्हतं. बाबा ओसरीत बाजेवर बसले होते, दाराला ओलं पोतं लावलेलं. टॅब त्यांनी उजव्या डोळ्याशी इतका जवळ धरला होता की कपाळ काचेला लागत होतं. अक्षर एवढं मोठं केलं होतं की एका वेळी तीनच शब्द मावत होते. तीन शब्द, बोट, परत तीन शब्द. एवढ्यावर त्यांनी बारा नक्षत्रं ओढत आणली होती.

"आली का," ते म्हणाले. "हत्तीचं शेवटचं पान राह्यलं." हस्ताला आमच्याकडं हत्तीच म्हणतात.

मी चपलाही नीट काढल्या नाहीत. बसले असते तर बोलवलंच नसतं. "बाबा, एक सांगायचं आहे. ती नक्षत्रं तशी मी नाही मांडली. माझ्या प्रोग्रामची चूक होती. त्यानं बाराखडीनं लावली. आई परत यावी म्हणून वगैरे मी काही केलं नव्हतं. तुम्ही चांगलं केलं म्हणाले आणि मी ऐकून घेतलं."

बाबांनी टॅब मांडीवर ठेवला. "मले मालूम हाय."

"काय मालूम आहे?"

"आर्द्राच्या मागं आश्लेषा पाह्यलं तवाच समजलं. छत्तीस वर्स हजेरी मांडली बाई म्या. बाराखडीनं लागेल नावं मले डोये मिटूनही समजतात."

माझं डोकं असं सरकलं म्हणता! माफी मागायला आलेली मी, कमरेवर हात ठेवून उभी राहिले, आणि शहरात राहून कमावलेली भाषा कुठल्या कुठं गेली. "मंग सांगतलं काहून नाही? महिनाभर मी तिकडं जीव खाऊन राह्यली! अन् म्हणे अक्कल लागते! मले येड्यात काढून राह्यलते का तुमी?"

ते रागावले नाहीत. हसलेही नाहीत. टॅब माझ्यापुढं धरला. "हे शेवटचं पान वाच. मोठ्यानं वाच. माह्यानं आता नाही होत."

मी अक्षर लहान केलं आणि उभ्यानंच वाचू लागले. चित्रा लागायच्या आदल्या दिवसाचं ते पान होतं. "हस्त, शेवटचा दिवस. सकाळी ढग, पाऊस नाही. बोंडं फुटायला लागली. संध्याकाळी हिने पोरीला फोन लावला. रोजच लावते. मी म्हटलं, बरी आहे का विचार तिला. ही म्हणाली, तुमीच इचारा ना, तुमाले तोंड नाही काय? फोन माझ्यापुढे धरला. मला काय बोलावे सुचेना. मी हातानेच नको म्हटले. हिने तिला सांगितले, बाबा बरी आहे का विचारतात."

मला आठवला तो फोन. "बाबा इचारून राह्यले, बरी हायेस का," असं आई म्हणाली होती, आणि मी घाईत "आहे, आहे" म्हणून ठेवला होता. मी बाजेच्या कडेला बसले.

"ती लावून द्याची फोन," बाबा म्हणाले. "जन्मभर तिनंच लावून देल्ला. ती गेली तं मले फोन लावताच येईना. नंबर येते, पन लावून बोलाव काय? रोज चार वाजता हातात घेवो अन् ठेवून देवो. त्या दिवशी तुले बोललो ते तं घशातच अडकलं होतं. मंग हे पुस्तक आलं, अन् ही चूक सापडली. म्हटलं, देवानंच धाडली. आता लाव फोन."

त्यांनी माझ्या हातातल्या टॅबवर बोट टेकवलं. मग शाळेत एखादं गणित सुटलं नाही की जसा चेहरा करायचे तसा करून, अगदी खरोखरच्या काळजीनं त्यांनी मला विचारलं, "आता तू ते दुरुस्त केलं म्हणते. मंग मी फोन कायच्यासाठी करू?"

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. "बाबा," मी म्हणाले, "बरी आहेस का, एवढंच विचारा. मधे आईला घालू नका. तुम्हीच विचारा."

त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. मी त्यांना कितपत दिसत होते देव जाणे. बराच वेळ ओठ नुसते हलले. छत्तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, त्याला ते तीन शब्द जुळवायला घाम फुटला.

"बरी हायेस का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "आई गेल्यापासून बरी नाही मी."

ते बाजेवर थोडे सरकले आणि त्यांनी चाचपत माझा हात धरला.